हे तुम्हाला कितव्या चालीवर वाटलं?

स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटरवरचे खेळ विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, आपल्या खेळाचं पान कसं उघडायचं, शंभर डॉलर कुठे भरायचे, विशलिस्ट कशाशी खातात हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. नसेल तर एका दुपारी कळेल. खेळाडूंची मतं वाचायला मात्र मला दोन वर्षं लागली, आणि अजूनही खाली वळलेला लाल अंगठा दिसला की त्या दिवशी जेवण जात नाही.

आम्ही दोघं मित्र. हिंजवडीच्या नोकऱ्या सोडून कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये अंतराळातल्या साम्राज्याचा खेळ करत होतो. चालींचा खेळ: ग्रह शोधा, वसाहती करा, ताफे बांधा, शेजाऱ्याशी भांडा. १९९३ च्या 'मास्टर ऑफ ओरायन'पासून या जातीच्या खेळांना एक जुनं दुखणं आहे. निम्म्या खेळातच कोण जिंकणार ते कळतं, पुढे नुसती हमाली. हे मला पाठ होतं. तरी पाय घसरला, आणि नेमका तिथेच.

अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे खेळ पुरा व्हायच्या आधीच विकायला ठेवला तेव्हा, शंभर-दीडशे तास खेळलेले पाच-सहा जण आम्हाला लांबलचक, मुद्देसूद लिहायचे. सगळ्यांची मागणी एकच: इंधन हवं. ताफे फुकट फिरतात, रसद हवी, मागून टँकर हवेत. एवढे तास घातलेला माणूस चुकेल कसा? चार महिने खपून आम्ही इंधन घातलं. पहिल्या चालीपासून.

मग रिव्ह्यू आले. प्रत्येकाच्या डोक्यावर खेळलेले तास असतात. ०.६. ०.९. १.४. "जहाज हलत नाही." दोन तासांच्या आत खेळणाऱ्याला पैसे परत मागता येतात, आणि लोकांनी मागितले.

शेवटी शनिवारी संध्याकाळी शेजारच्या काकूंच्या अकरावीतल्या मुलाला बसवलं. मी तोंड उघडणार नाही असं ठरवलं होतं. पहिल्या वसाहतीला त्याने नाव दिलं 'धायरी'. का, तर "लांब पडते ना." तिसऱ्या चालीला जहाज एका वायूच्या ग्रहापाशी गेलं आणि टाकी रिकामी. 'पुढे' हे बटण करडं झालं. त्याने ते सात वेळा दाबलं. नकाशा मोठा केला, लहान केला, हाताचा घाम पँटला पुसला, पुन्हा दाबलं. वीस मिनिटांनी उठला आणि म्हणाला, "भारी आहे दादा. ग्राफिक्स एकदम कडक." हेच त्याने लिहून दिलं असतं तर मी खूश होऊन झोपलो असतो.

आता नीट ऐका, कारण माझे चार महिने इथेच बुडाले. ते जुने खेळाडू खोटं बोलत नव्हते. ऐंशीव्या चालीला त्यांचा ताफा एवढा माजायचा की अडवायला कोणी उरायचं नाही. त्या कंटाळ्यातून 'इंधन हवं' हे मत आलं. आम्ही ते उचललं आणि तिसऱ्या चालीवरच्या नवख्याच्या डोक्यावर आपटलं. मत ऐंशीव्या चालीचं, शिक्षा तिसऱ्या चालीला! मुळात कंटाळ्यावर इंधन हा उपायच नव्हता. २०१२ चा 'एफटीएल' हा खेळ बघा, दोन माणसांनी सुरू केलेला. इंधन त्यातही आहे, पण रेंगाळू देत नाही तो मागून येणारा बंडखोरांचा ताफा. आम्हीही शेवटी तेच केलं: एक साम्राज्य फार फुगलं की बाकीचे त्याच्याविरुद्ध एक होतात. इंधन आता फक्त स्वतःच्या हद्दीबाहेर लागतं.

म्हणून कोणीही काहीही मागितलं की आधी विचारा, हे तुम्हाला कितव्या चालीवर वाटलं? जमलं तर सेव्ह फाइल, म्हणजे त्यांचा साठवलेला डाव, मागा. लोक आनंदाने देतात, खरंच. रागावलेला खेळाडूसुद्धा दोन ओळींचं सभ्य उत्तर मिळालं की विरघळतो, त्याला घाबरू नका.

घाबरायचं ते पैसे घेऊन कॉलवर 'कम्युनिटीचं ऐका' एवढंच सांगणाऱ्या मेंटॉरना. मी ऐकलं होतं की! आणि दहा रिव्ह्यू झाल्याशिवाय पानावर गुण दिसत नाहीत म्हणून मावसभावांना कामाला लावू नका. फुकट वाटलेल्या 'की'वरचे (खेळ मिळवायच्या कोडवरचे) रिव्ह्यू गुणांत धरत नाहीत, आणि ठरवून लिहून घेणं नियमात बसत नाही. पान गेलं तर अमृततुल्यच्या बाकावर बसून रडावं लागेल.

काल एक नवीन मत आलंय. ११२ तास. "इंधन फारच सोपं करून टाकलंत." मित्राने लगेच वही उघडली. मी ती मिटली आणि त्या माणसाला विचारलंय, कितवी चाल?