टाकळा: ओळख, भाजी आणि लेप

पहिल्या पावसानंतर माळरानावर उगवणारा टाकळा ओळखताना पानातील पर्णिकांच्या तीन जोड्या आणि त्यांची गोलसर टोके पाहावीत, कारण त्याच्यासारखाच दिसणारा, टोकदार पर्णिकांचा कासविंदा विषारी ठरू शकतो. फुले येण्यापूर्वीचा कोवळा पाला खुडून, चिरून, कांदा, लसूण व मिरचीवर परतावा आणि वरून ओले खोबरे घालावे. उग्र वास शिजताना बराच कमी होतो. भाजी सारक असल्याने प्रथम थोडीच खावी, गर्भवतींनी टाळावी.

टाकळ्याचे आयुर्वेदातील ‘चक्रमर्द’ हे नाव गजकर्ण या त्वचारोगाच्या चक्राकार चट्ट्यांवरून पडले. त्यावर पक्व बिया लिंबाच्या रसात वाटून पातळ लेप लावण्याची पद्धत आहे. मात्र जखमेवर तो लावू नये आणि आग झाल्यास लगेच धुवावा.