वीस कोन, एक पाय: स्पीड स्लॅलमला निघण्याआधी

इनलाइन स्केट्सवरची (एका ओळीत चार चाकं असलेल्या) स्पीड स्लॅलम, म्हणजे रांगेत मांडलेल्या छोट्या शंकूंमधून (त्यांनाच ‘कोन’ म्हणतात) एका पायावर नागमोडी जायची शर्यत, पाच-सहा सेकंदांत संपते, आणि तिच्यासाठी भरलेली बॅग मात्र लग्नाला निघाल्यासारखी दिसते. लेकीबरोबर तीन वर्षं स्पर्धांना हिंडून माझी यादी जशी झाली, तशी सांगते.

स्पर्धेच्या महिनाभर आधी मोजायची टेप आणि खडू घ्या. कोन वीस, दोन कोनांमधलं अंतर ८० सेंटिमीटर, पहिल्या कोनाआधी वेग घ्यायला १२ मीटर. हे अंदाजाने मांडू नका. आम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये पावलांनी मोजून कोन लावायचो. स्पर्धेत पोरगी चौथ्या-पाचव्या कोनालाच अडखळली. घरी येऊन टेप लावली, तर आमचे ८० चांगले ८६ भरले! पायाला एकदा सवय लागली की तेवढा फरकही नडतो. आता रांगोळीसारखे खडूचे ठिपके काढते, आणि पडलेला कोन ठिपक्यावरच परत जातो.

दंडाचा हिशेब मुलांना कागदावर करून दाखवा. पाडलेल्या किंवा चुकवलेल्या प्रत्येक कोनामागे ०.२ सेकंद वाढतात. ५.३० सेकंदांत येऊन दोन कोन पाडले की वेळ ५.७० लागते, आणि एकही न पाडता ५.६० मध्ये आलेली शेजारची पुढे जाते. पाच कोन गेले तर रनच बाद. सगळे कोन एकाच पायावर काढायचे असतात. दुसरा पाय मध्येच टेकला की संपलं. म्हणून शेवटच्या आठवड्यात स्टॉपवॉच कपाटात ठेवा आणि नुसत्या स्वच्छ रन मोजा. मुलं कुरकुर करतात, करू द्यावी.

चाकांना एक अख्खी संध्याकाळ द्या. मधली दोन जरा मोठी, टोकाची लहान, म्हणजे ७६-८०-८०-७६ मिलिमीटर अशी रॉकर मांडणी वळायला हलकी जाते. ती एका कडेने झिजतात, तेव्हा बाजू बदलून लावावी लागतात. पण हे काम आठवडाभर आधी उरका. आदल्या रात्री चाकं बदलली, नवे लेस ओवले, असले उद्योग नकोत. एकेक चाक कानाजवळ धरून फिरवा. खरखर ऐकू आली तर बेअरिंग साफ करा. बोल्ट ॲलन कीने तपासा, आणि ती की बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा. माझी एकदा डब्याखाली गेली होती, रनच्या ऐन तोंडावर.

जन्मदाखला, आधार, नोंदणीचे कागद: मूळ प्रती आणि झेरॉक्स. हेल्मेट, गार्ड. एवढं पुरे.

तिथे पोचलात की आधी फरशीवरून हात फिरवा. धूळ असली तर चाकं घसरतात. आमच्या बॅगेत एक ओला नॅपकिन असतो. प्रत्येक रनआधी लेक खाली बसून आठही चाकं पुसते. चार मुली तिला हसल्या होत्या, त्यातल्या दोघी आता पुसतात.

पात्रता फेरीत दोन रन, त्यातली चांगली धरतात. त्यापुढे नॉक-आउटमध्ये दोघी शेजारी-शेजारी सुटतात आणि तीनपैकी दोन रन जिंकणारी पुढे जाते. खरी परीक्षा इथे, कारण मान हमखास शेजारी वळते. घरीच धाकट्या भावाला बाजूने पळवून सवय करा. तो फुकटात तयार असतो. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई खेळांत स्पीड स्लॅलम होती. तिथल्या रन सापडल्या तर दाखवा आणि खेळाडूंची नजर कुठे असते ते बघायला सांगा.

दोन फेऱ्यांमध्ये तासभर नुसतं बसावं लागतं, तेवढ्यात पाय गार पडतात. जॅकेट, केळी, थोडी चिक्की ठेवा. वडापाव सगळं आटोपल्यावर. आणि सुक्या मोज्यांचे दोन जोड घ्या. आमचा एक दर वेळी कुणातरी मैत्रिणीच्या पायात तिच्या घरी जातो.