हाराजुकूची फॅशन शिकायचीय? ‘फ्रूट्स’च्या ओळी वाचा

फॅशन शिकायला जपानला जायचं मनात असलेल्या मुली हमखास विचारतात, तयारी कुठून करू? मी सांगते, ‘फ्रूट्स’ या रस्त्यावरच्या फॅशनच्या जपानी मासिकाचे जुने अंक मिळव आणि फोटोशेजारच्या बारीक ओळी वाच. फोटो सगळेच बघतात.

शोइची आओकी या छायाचित्रकाराने १९९७ मध्ये ‘फ्रूट्स’ सुरू केलं. त्याआधी १९८५ पासून ते ‘स्ट्रीट’ काढत, त्यात परदेशातल्या रस्त्यांवरची फॅशन असे. पण टोकियोच्या हाराजुकू भागात मुली किमोनो आणि ओबी (किमोनोचा कमरपट्टा) पाश्चात्त्य कपड्यांत बिनधास्त मिसळू लागल्या आणि आओकींचा कॅमेरा तिकडे वळला. रविवारी तिथला रस्ता गाड्यांना बंद ठेवून चालणाऱ्यांसाठी मोकळा असायचा. ही प्रथा १९९८ मध्ये थांबली, म्हणजे सुरुवातीच्या अंकांत त्या रविवारांचे शेवटचे दिवस सापडतात.

पान अगदी साधं. एक मुलगी, कधी दोघी-तिघी, डोक्यापासून बुटांपर्यंत, मागे तिथलाच रस्ता. शेजारी नाव, वय, काय करते, कुठला कपडा कुठून घेतला, आजच्या पेहरावाचा ‘पॉइंट’ काय, सध्या वेड कशाचं. ‘फुरुगी’ म्हणजे वापरलेले कपडे आणि ‘तेझुकुरी’ म्हणजे हाताने केलेलं, हे दोन शब्द आधी ओळखायला शिका. नामवंत डिझायनरचं जॅकेट, फुरुगीच्या दुकानातला स्कर्ट आणि घरी शिवलेली पिशवी एकाच अंगावर भेटते. खिशात बेताचे पैसे असताना तिने ते कशावर घातले आणि कुठे सुई-दोरा हातात घेतला, हे त्या चार ओळींत कळतं. स्टायलिंगचा याहून चांगला धडा मला वर्गात मिळाला नाही.

सराव असा करा: ओळी हाताने झाका, प्रत्येक कपडा कुठून आला असेल ते वहीत लिहा, मग हात काढून पडताळा. केसांत ओळीने क्लिपा, गळ्यात रंगीत माळांचे थर असलेली ‘डेकोरा’ मुलगी यासाठी उत्तम. तिच्याकडे बघताना एकेक वस्तू सुटी करावीच लागते.

आता भाषेचं. जपानमधल्या फॅशनच्या व्यावसायिक शाळा साधारण एन-टू पातळीचं जपानी (‘जेएलपीटी’ या जपानी भाषेच्या परीक्षेत एन-फाइव्ह सर्वांत सोपी, एन-वन सर्वांत अवघड) किंवा तिथल्या भाषाशाळेत किमान सहा महिने मागतात. ही परीक्षा पुण्यातही होते, जुलै आणि डिसेंबरमध्ये. एन-फोर झालं की कोश घेऊन या ओळी वाचायला बसा, कपड्यांचे शब्द आपोआप तोंडात बसतात. विद्यार्थी व्हिसावर परवानगी काढली तर सत्रात आठवड्याला २८ तासच काम करता येतं. फीची सोय त्या कमाईच्या भरवशावर ठेवू नका.

‘फ्रूट्स’ची छपाई २०१७ मध्ये २३३ अंकांनंतर थांबली. टिपावीत अशी मुलं आता दिसत नाहीत, असं आओकींनी सांगितलं. पानं भरण्यापुरते फोटो छापण्यापेक्षा त्यांनी मासिक बंद केलं, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. टोकियोत गेलात तर जिम्बोचोतली जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घाला, फॅशनची जुनी मासिकं तिथे मिळतात. आणि हाराजुकूत कुणाचाही फोटो काढण्याआधी विचारा: ‘शाशिन तोत्ते मो ईई देस का?’ नकार आला तर वाकून आभार माना आणि पुढे चला.