शार्त्रच्या रंगीत काचा बघायला जाताय? या चुका टाळा

पॅरिसहून शार्त्रला आगगाडीने साधारण तासाभरात पोचता येतं, म्हणून अनेक जण तिथलं कॅथेड्रल अर्ध्या तासात उरकतात. तिथे रंगीत काचांच्या पावणेदोनशेच्या आसपास खिडक्या आहेत, बहुतेक तेराव्या शतकातल्या. सगळ्या बघायचा हट्ट धरलात तर एकही नीट बघून होणार नाही. तीन-चार निवडा आणि तिथेच ठाण मांडा.

आत शिरल्यावर काही सुधरत नाही? डोळे अंधाराला सरावायला दहा मिनिटं तरी द्या. कडक ऊनच हवं असंही नाही. ढगाळ उजेडात निळा आणि लाल सारखे खुलतात. थेट उन्हात बारकावे झाकोळतात.

पाठ फिरवून पुढे जाऊ नका. पश्चिमेच्या दारातून आत आल्यावर सगळे वेदीकडे चालू लागतात. तीन सर्वांत जुन्या खिडक्या नेमक्या त्या दाराच्या वर आहेत. त्या 1150च्या सुमाराच्या, 1194च्या आगीतून वाचलेल्या. त्यांच्यासाठी दुपारनंतर थांबा.

गोष्ट लागत नाही? बहुधा तुम्ही वरून वाचताय. इथल्या बहुतेक कथा खालून वर चढतात. दक्षिणेकडच्या, बायबलच्या बोधकथेतल्या भल्या शोमरोन्याच्या खिडकीत अगदी तळाशी चांभार दिसतात. त्यांच्या वर लुटला गेलेला वाटसरू आणि त्याच्या जखमा बांधणारा शोमरोनी, आणि आणखी वर आदाम आणि हव्वा. बोधकथेच्या डोक्यावर मानवाच्या पतनाची कथा का, हे कोडं उलगडतं तेव्हा खरा आनंद मिळतो: मध्ययुगीन धर्मपंडितांच्या लेखी तो जखमी वाटसरू म्हणजे आदाम आणि शोमरोनी म्हणजे ख्रिस्त. चांभारांना बगल देऊन थेट वर बघणाऱ्यांची मला हळहळ वाटते. आठशे वर्षांपूर्वीचे कामकरी हात इतक्या जवळून फार कमी ठिकाणी दिसतात.

छोटी दुर्बीण न्याच. तिच्यातून एकच चेहरा धरून ठेवा. डोळे, नाक, कपड्यांच्या चुण्या वेगळ्या रंगाच्या काचेच्या नसतात. काचेची पूड आणि धातूचा ऑक्साइड कालवून केलेल्या गडद रंगाने त्या रेषा कुंचल्याने काढलेल्या आणि भट्टीत पक्क्या केलेल्या आहेत. काचेचे तुकडे जोडणारी शिशाची पट्टी चेहऱ्याच्या मधूनच आडवी जाताना दिसली तर ती मूळ चित्रातलीच समजू नका. तडकलेली काच नंतर कुणीतरी सांधलेली असण्याचा संभव जास्त.

एक खिडकी म्हणजे एकच काळ, हेही गृहीत धरू नका. ‘बेल व्हेरिएर’ नावाच्या खिडकीतली निळ्या वस्त्रातली येशूची आई मारिया बाराव्या शतकातली आहे, तर भोवतालचे देवदूत तेराव्या.

काच हळूहळू ओघळते म्हणून खाली जाड असते, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. जाडीतला फरक हा काच तोंडाने फुंकून बनवण्याच्या पद्धतीतला आहे.

फोटोत खिडकी पांढरीफटक येत असेल तर फोनच्या पडद्यावर दिसणाऱ्या उजळ काचेवर बोट टेकवून एक्स्पोजर (फोटोतला उजेड) कमी करा. फ्लॅश बंदच ठेवा. या काचांना उजेड मागून लागतो.