शेजारच्या डॉल्बीचं काय करायचं

समोरच्या मांडवात रात्री अकराला डॉल्बी सुरू आहे, डोळ्याला डोळा लागत नाही आणि घरात एक बऱ्यापैकी होम थिएटर पडून आहे. ते खिडकीत आणायचं, तोंड तिकडं करायचं आणि आवाज फुल्ल सोडायचा, हा विचार बऱ्याच जणांच्या डोक्यात येतो. त्याआधी वहीवर एवढा हिशेब मांडा.

घरातल्या चांगल्या स्पीकरला १ वॅट दिला की १ मीटरवर साधारण ८८ डेसिबल मिळतात. १०० वॅट दिले की २० ची भर पडते, म्हणजे १०८. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल घटतात. मांडव ५० मीटरवर असेल तर ३४ वाटेतच जातात आणि तिथं पोचतात ७४. तिकडची स्पीकरची भिंत १ मीटरवर १३० देते असं धरलं, तर पाच-सात मीटरवर नाचणाऱ्यांच्या कानावर ११३ ते ११६ आदळत असतात. त्यात तुमचे ७४ आले काय आणि नाही आले काय, कुणाला पत्ताही लागणार नाही. १०८ सोसायचे ते तुमच्याच घरच्यांनी. ८५ डेसिबलला दिवसाला ८ तास आणि पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, असं कामाच्या जागेसाठी सुरक्षिततेचं प्रमाण आहे. त्या मापानं १०८ डेसिबलला जेमतेम अडीच मिनिटं मिळतात.

यंत्रही टिकत नाही. १०० वॅटच्या अँप्लिफायरकडून त्याहून जास्त मागितलं की लहरीचे माथे सपाट होतात आणि वरच्या पट्टीत फाजील ताकद तयार होते. आधी ट्वीटरची, म्हणजे बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरची, कॉईल जळते. लोक म्हणतात स्पीकर कच्चा होता; खरं तर अँप्लिफायर कमी पडलेला असतो.

फ्लॅटमध्ये वरच्या मजल्यावरच्या धपधपीवर छताला कंपन देणारं यंत्र लावायचा सल्लाही फिरत असतो. स्लॅब सलग असतो. तो थरथरला की ज्याच्याशी भांडण आहे त्याच्याइतकाच बाजूच्या घरातल्या तान्ह्या बाळालाही तो त्रास पोचतो, आणि सोसायटीच्या पुढच्या बैठकीत तक्रार तुमच्यावर येते. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे खासगी आवाजही आपल्या हद्दीवर परिसराच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून वर जाता कामा नये. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ आहे. म्हणजे रात्री तुम्हाला ५० च मिळतात.

तेव्हा आवाजाला आवाजानं नाही, आकड्यानं गाठायचं.

मोबाइलवरची ॲप अंदाजापुरती ठीक आहेत. फोनचा माईक बोलण्यासाठी बनवलेला असतो. मोठ्या आवाजात तो गुदमरतो आणि खालचा बेस बराचसा गिळतो. गल्लीतल्या चार घरांनी मिळून एक साधा ध्वनिमापक घ्यावा, ज्यात ‘ए’ आणि ‘सी’ अशा दोन्ही मापनपद्धती आणि ‘स्लो’ची, म्हणजे आकडा सावकाश बदलण्याची, सोय असेल. कायद्यातल्या मर्यादा ‘ए’ मध्ये आहेत. पण ‘ए’ मापन ५० हर्ट्झचा बेस तब्बल ३० डेसिबलनं कमी धरतं, म्हणून छाती धडधडत असतानाही काट्यावर आकडा लहान दिसतो; ‘सी’ बेस जवळपास पुरता धरतं. दोन्ही आकडे लिहा. ‘सी’चा आकडा ‘ए’पेक्षा २० किंवा जास्त असेल तर त्रास मुख्यतः बेसचा आहे हे कागदावर दिसतं.

मापक जमिनीपासून १.२ ते १.५ मीटर उंच धरा. माईकवर फोमची टोपी हवीच, नाहीतर वारासुद्धा आवाज म्हणून मोजला जातो. भिंतीला चिकटून उभं राहिलात तर परावर्तनामुळे आकडा फुगतो; जागा असेल तर ३ ते ४ मीटर दूर व्हा. दर १० सेकंदांनी एक नोंद, अशा ५ मिनिटांत ३० नोंदी घ्या. गाणं थांबलं की लगेच शांततेची पातळीही मोजा, कारण त्या दोन्हींत १० डेसिबलचा फरक असेल तर आकडा मांडवाचाच आहे यात वाद उरत नाही. फरक ३ च असेल तर निम्मी ताकद रस्त्याची आहे. तो आकडा दाखवून उपयोग नाही. नोंदीशेजारी तारीख, वेळ आणि मापकाची जागा लिहा, आणि मापकाचा पडदा व मांडव एकाच चौकटीत येईल असा छोटा व्हिडिओ काढा.

आकडा हातात आला की पहिल्यांदा ऑपरेटरकडं जा. मंडळाचे अध्यक्ष गर्दीत असतात, पोरांपुढं त्यांना माघार घेणं अवघड जातं. ऑपरेटरच्या हाताखाली मात्र सगळी बटणं असतात, आणि ‘बंद कर’पेक्षा ‘हे एवढं बदल’ त्याला पटतं. टॉपचा, म्हणजे वरच्या पट्टीच्या स्पीकरांचा, आवाज दिशेनं जातो. ते खाली झुकवून नाचणाऱ्यांवर आणले की घरांवर जाणारा भाग कमी होतो. बेसला दिशा नसते. ५० हर्ट्झची लहर जवळपास ७ मीटर लांब असते, ती भिंतीच्या कोपऱ्यावरून वळते. त्यावर उपाय आहे: तीन बेसपैकी मधला उलटा, पाठीकडं तोंड करून ठेवायचा, त्याची पोलॅरिटी (अधिक-उणे) उलटी करायची आणि क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे आवाज पट्ट्यांत वाटणाऱ्या यंत्रात, त्याला डिले (किंचित उशीर) द्यायचा. पुढचे आणि मागचा स्पीकर यांत ०.९ मीटर अंतर असेल तर डिले सुमारे २.६ मिलिसेकंद. बसवणी नीट जमली तर भिंतीच्या मागच्या बाजूला बेस १० डेसिबलपर्यंत खाली येतो आणि पुढच्यांची मजा कमी होत नाही. डिले चुकला की पुढचाच बेस मरतो, म्हणून हे दुपारी करून बघायचं, मिरवणूक सुरू झाल्यावर नाही.

एवढ्यानं भागलं नाही तर तक्रार. तातडीला ११२. फोनवर चारच गोष्टी सांगा: ठिकाण आणि जवळची खूण, किती वाजल्यापासून, बेस आहे की भोंगे, आणि मापकावरचा आकडा. ‘परवानगी आहे का, किती वाजेपर्यंत’ हे नक्की विचारा. ध्वनिवर्धकाला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ मोकळ्या जागेत तो वाजवता येत नाही. वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं. आपल्या जिल्ह्यात ते दिवस कोणते, ते आधी पाहून ठेवा, नाहीतर सूट असलेल्या रात्रीची तक्रार करून तुमचाच शब्द हलका होतो. सूट वेळेची असते, डेसिबलची नाही. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर परिसराच्या मर्यादेपेक्षा १० जास्त किंवा ७५, यांतला जो कमी तोच लागू. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटर राज्य सरकारनं तसे जाहीर केले असतील तरच शांतता क्षेत्र धरले जातात.

लेखी अर्ज ठाण्यात द्या आणि पोच घ्या, पण एक प्रत उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांनाही द्या. नियमातला ‘प्राधिकारी’ पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या खालचा नसतो; सातारा-सांगलीकडं कराड, फलटण, मिरज, तासगाव, जत इथं ही कार्यालयं आहेत. आकड्यांचा कागद सोबत जोडा. रोजचाच उपद्रव असेल, समजा एखाद्या मंगल कार्यालयाचा, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडं जाता येतं. नाव उघड होईल या भीतीनं गप्प बसू नका. तक्रारदाराची ओळख समोरच्याला कळू न देता कारवाई करावी, असं मुंबई उच्च न्यायालयानं पोलिसांना सांगितलेलं आहे.

गावात असाल तर हंगामाआधी ग्रामसभेत वेळ ठरवून घेणं सगळ्यांत टिकाऊ. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी ७ ला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाइल बंद राहतात. अख्खं गाव मिळून एवढं ठरवू शकतं, तर डॉल्बी किती वाजता थांबायचा हेही ठरवता येईल.

तोवर झोप हवी असेल तर फटी बुजवा. सरकत्या ॲल्युमिनियम खिडकीत काच नव्हे, रुळाच्या फटी दगा देतात. पृष्ठभागाच्या १ टक्का भाग जरी उघडा राहिला तरी मागं कितीही जाड भिंत असो, २० डेसिबलच्या वर अडत नाहीत. आधी रबरी पट्टी, मग जमलं तर आतून १० सेंटिमीटर अंतर सोडून दुसरं तावदान. अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल यांचा काही उपयोग नाही. आवाज अडवायला वजन लागतं. बेस तरीही थोडा येणारच. फोमचे इअरप्लग बारीक वळून, कान वरून मागं ओढून आत घाला आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं धरून ठेवा. नुसते टेकवले तर निम्मं काम होत नाही.

आवाजाच्या चेष्टेबद्दलही लिहायला हवं, कारण कानाशी एअर हॉर्न वाजवण्याचे व्हिडिओ पाहून पोरं तेच करतात. तो जवळून १२० डेसिबलच्या घरात जातो, आणि कानात कायमची शीळ बसायला एकदाच पुरतं. चालत्या दुचाकीवाल्यामागं, बैलगाडीजवळ, हृदयाचा त्रास असलेल्या माणसाजवळ किंवा गरोदर बाईजवळ असलं काहीही नको.

चेष्टाच करायची तर हळू आवाजाची करा, ती जास्त रंगते. रातकिड्याची एक सेकंदाची किर्र घ्या, तीन हजार हर्ट्झच्या आसपासची. त्या पट्टीत आवाज नेमका कुठून येतो हे कानाला ठरवता येत नाही. तासाभराच्या फाइलमध्ये ती दर ३ ते ७ मिनिटांनी, मुद्दाम अनियमित टाका. ब्लूटूथ वापरू नका: जोडताना स्पीकर स्वतःच बोलतो आणि बरेचसे स्पीकर शांतता लांबली की आपोआप बंद होतात. मेमरी कार्डवरून वाजवा आणि फाइलभर अगदी बारीक खरखर ठेवा, म्हणजे तो जागा राहील. स्पीकर माळ्यावर, तोंड भिंतीकडं, आवाज पंख्याखाली जेमतेम ऐकू येईल एवढाच. मित्राची खोली चालेल. परीक्षेच्या आदल्या रात्री नको.