दिवाळीनंतरची पहिली फेरी: होडी घेऊन उजनीला निघण्याआधी

जूनमध्ये ताडपत्रीखाली झाकलेली होडी दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे झाले की उघडायची, हा आमच्या घरचा नेम. आषाढ-श्रावणात रोहू, कटला, मृगळ अंडी घालायला वाहत्या पाण्यात वर चढतात. त्यांच्या वाटेत गळ टाकायचा नाही, हे वडिलांनी घालून दिलं आणि मला ते मनापासून पटलं आहे. पण पाच महिने नुसती उभी असलेली होडी आणि तिचा ट्रेलर एका रात्रीत तयार होत नाहीत. शनिवारी निघायचं असेल तर आदल्या रविवारी कामाला लागा. काही बिघडलेलं निघालं तर सुटा भाग आणायला मधले पाच दिवस हाताशी राहतात.

आधी ट्रेलरची चाकं बघा, होडी नंतर. एक चाक जॅकवर उचला, हाताने गरकन फिरवा आणि कान द्या. खरखर ऐकू आली तर बेअरिंग गेलंच समजा. मग चाक वर आणि खाली धरून हलवून बघा. खेळ जाणवला तर उघडावंच लागेल. हबचं, म्हणजे बेअरिंग बसतं त्या चाकाच्या मधल्या भागाचं, टोपण काढून थोडं ग्रीस बोटावर घ्या. पाणी शिरलेलं ग्रीस ताकात कालवल्यासारखं पांढुरकं आणि पातळ होतं. तसं दिसलं तर वरून नवं भरून भागत नाही. बेअरिंग बाहेर काढा, डिझेलमध्ये धुवा, फडक्याने कोरडं करा. रोलरवर खड्डे किंवा निळसर डाग असतील तर नवीन घाला. ग्रीस आत आणि पाणी बाहेर ठेवणारी रबरी कडी, म्हणजे सील, मात्र दर वेळी नवीनच. ग्रीस पाण्याने न धुपणारं घ्या. तळहातावर गोळा घेऊन बेअरिंगची कड त्यात दाबत राहा, दुसऱ्या बाजूने रोलरच्या फटींतून ग्रीस शेवयांसारखं बाहेर येईपर्यंत. एका बेअरिंगला दहा मिनिटं लागतात. ती द्या.

चार वर्षांपूर्वी मी हे काम एका गॅरेजात दिलं होतं. त्यांनी जुन्या ग्रीसवरच नवं थापून दिलं. यवतच्या पुढे आरशात मागे धूर दिसला आणि चाक जाम झालं. सोलापूर महामार्गाच्या कडेला धाकट्या मुलाला घेऊन दोन तास उन्हात उभा होतो, शेजारून उसाचे ट्रक जात होते. तो पोरगा त्या दिवशी घाबरला होता, हे मी विसरलेलो नाही. तेव्हापासून बेअरिंग मी स्वतः भरतो आणि वाटेत पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरवर थांबून हबला हाताची मागची बाजू लावून बघतो. कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर तिथेच थांबायचं.

हबमध्ये पाणी शिरतं कसं, तेही समजून घ्या. पुण्याहून उजनीकाठच्या भिगवणपर्यंत शंभरेक किलोमीटर धावून हब तापलेला असतो. तसाच तो गार पाण्यात बुडवला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढते. म्हणून काठावर पोचल्या पोचल्या ट्रेलर पाण्यात घालायचा नाही. चहा घ्या, सामान लावा, वीसेक मिनिटं जाऊ द्या. मागच्या दिव्यांची वायरही त्याच वेळी काढून ठेवा, कारण तापलेला बल्ब गार पाण्यात तडकतो.

टायरची नक्षी शाबूत असली तरी बाजूच्या रबराला उन्हाने भेगा पडलेल्या असतात, त्या वाकून बघा. स्टेपनीत हवा भरा, आणि गाडीचा जॅक ट्रेलरखाली बसतो का हे घरीच करून बघा. एकूण वजनाच्या साधारण सात ते दहा टक्के भार गाडीच्या हुकावर यायला हवा. मागे जास्त वजन झालं की वेगात ट्रेलर शेपटासारखा हलायला लागतो. म्हणून पेट्रोलची टाकी, नांगर, बर्फाची पेटी पुढच्या बाजूला ठेवा. साखळ्या हुकाखाली एकमेकींवरून फुलीसारख्या अडकवा आणि होडी मागच्या बाजूनेही पट्ट्याने आवळा. ट्रेलरचीही आरटीओकडे नोंदणी लागते, तिचे कागद गाडीत असू द्या.

आता होडी. माझी बारा फुटी फायबरची आहे. तळावर रुपयाच्या नाण्याने टकटक करत जा. टणक आवाज येत असताना मधेच भद्द आवाज आला, तर तिथे थर सुटले आहेत आणि आत पाणी मुरतं आहे. केसासारख्या चिरा इपॉक्सीने भरता येतात, पण आधी चार दिवस होडी पूर्ण वाळू द्या. ओल्यावर लावलेला लेप टिकत नाही.

इंजिन टू-स्ट्रोक असेल तर उन्हाळ्यातलं उरलेलं पेट्रोल काढून टाका. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं आणि महिनोन्‌महिने पडून राहिलं की कार्बोरेटर चोंदतो. नवं पेट्रोल, त्यात इंजिनासोबतच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणात तेल. पन्नासाला एक असेल तर दहा लिटरला दोनशे मिली. अंदाजाने ओतू नका, मापाने घाला. खालच्या गिअरचं तेल थेंबभर काढून बघा, दुधाळ दिसलं तर पंख्याजवळचं (प्रोपेलरजवळचं) सील गेलं आहे. पंखा काढून त्यामागे गुंडाळलेली गळाची दोरी शोधा, कारण बहुतेकदा तीच सील कापते. मग पाण्याच्या पिंपात इंजिन उभं करून पाच मिनिटं चालवा आणि बाजूने थंडाव्याच्या पाण्याची सलग धार पडते का ते बघा. धार नसेल तर बहुतेकदा पाणी ओढणारा आतला रबरी इम्पेलर कडक झालेला असतो, तो बदला. कोरडं इंजिन क्षणभरही चालवायचं नाही. आणि इंजिन कितीही चांगलं असू दे, दोन वल्ही होडीत हवीतच.

गळाचं सामान लवकर आटोपतं. रिळावरची पहिली दोन-तीन मीटर दोरी कापून टाका, तीच घासलेली असते. गळाचं टोक नखावर टेकवून बघा: रुतलं तर धार आहे, घसरलं तर कानस फिरवा. रोहू-मृगळसाठी कणीक, शेंगदाण्याची पेंड आणि थोडं भाजलेलं बेसन मी घरीच मळतो. चिलापीला बारीक गळ आणि गांडूळ पुरतं. जिवंत आमिष एका तळ्यातून दुसऱ्यात नेऊ नका. सकर किंवा थाई मांगूर गळाला लागला तर पुन्हा पाण्यात सोडायचा नाही. आपल्या माशांची जागा ते खातात. थंडीत पहाटे चारला उठून धावाधाव करण्यात अर्थ नाही. पाणी गार असताना रोहू-कटला सुस्त असतात, उन्हं चढल्यावर चरायला लागतात.

निघण्याआधी ओळखीच्या माणसाला फोन करून दोन गोष्टी विचारा. पहिली, परवानगी कुणाची घ्यायची. जलाशयातले मासेमारीचे हक्क सहसा मच्छीमार संस्थेकडे किंवा ठेकेदाराकडे असतात. ज्यांचं पोट त्या पाण्यावर आहे त्यांना विचारूनच आपण उतरायचं. दुसरी, पाणी किती आहे. उजनीत सुमारे 117 टीएमसी पाणी मावतं, पण त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठा आहे. दिवाळीला धरण बहुधा भरलेलं असतं. उन्हाळ्यात ते ‘मायनस’मध्ये गेलं, म्हणजे पाणी मृतसाठ्यात उतरलं, की काठाला गुडघाभर गाळ होतो आणि ट्रेलर त्यात रुततो, म्हणून मुरमाड उतार कुठे आहे ते विचारून घ्या. पाणी खूपच ओसरलं की पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं. बुडालेल्या गावांच्या भिंती, झाडांचे बुंधे मात्र त्याच्या कितीतरी आधी पंख्याला लागायला लागतात. तिथले एक मामा मला दर वर्षी बजावतात, “हितनं सरळ जाऊ नका सायेब, खाली गाव हाय.” प्लॅस्टिकच्या बाटल्या तरंगताना दिसल्या की खाली जाळं आहे समजून लांबून वळा. चुकून फाटलंच तर शोधून भरपाई द्या.

लाइफ जॅकेटबद्दल मी तडजोड करत नाही. होडीत जितकी माणसं तितकी जॅकेटं, मापाची आणि अंगावर बांधलेली. बाकाखाली ठेवलेलं जॅकेट उपयोगाचं नाही. 21 मे 2024 च्या संध्याकाळी याच पाण्यात, कुगाव आणि कळाशीच्या मधे, वादळी वाऱ्यात प्रवासी होडी उलटली आणि सहा जण गेले. त्यांत लहान मुलं होती. पोहता येतं म्हणणाऱ्यानेही एकदा कपड्यांसकट तळ्यात पोहून बघावं. उन्हाळ्यात दुपारनंतर वळवाचं आभाळ दिसलं की मासे लागत असले तरी काठ गाठा. हिवाळ्यात वारा कमी असतो, तरी पाण्याचा पट्टा रुंद आहे आणि भरल्या होडीची कड पाण्यापासून वीतभरच वर असते. लाटा उठल्या तर नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, लाटेकडे ठेवा, आडवं होऊ नका, आणि कुणालाही उभं राहू देऊ नका. घरी वेळ सांगून निघा, मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवा.

बूच मी मुद्दाम शेवटी ठेवलं आहे, कारण सगळं झाल्यावर तेच विसरतं. होडीच्या मागच्या तळाला असलेलं हे अंगठ्याएवढं बूच परत आल्यावर काढायचं, म्हणजे आतलं पाणी वाहून जातं. इंजिनाची पेट्रोलची नळी काढून ते पिंपात बंद पडेपर्यंत चालवा, ट्रेलरचं तोंड उंच करा, आणि बूच गाडीच्या किल्लीच्या कडीत अडकवून ठेवा. पुढच्या वेळी गाडी सुरू करताना ते हाताला लागेल.