ब्राझीलच्या फुटबॉलचा गुणतक्ता नकाशा मांडून कसा वाचायचा

ब्राझीलच्या फुटबॉल लीगचा रात्री साडेबाराचा सामना असला की मी टीव्हीपुढे ब्राझीलचा नकाशा आणि वही घेऊन बसते. तुम्हीही बसून बघा.

आधी गुणतक्त्यातल्या, म्हणजे पहिल्या श्रेणीतल्या २० क्लबांची शहरं पेन्सिलीनं टिंबांनी दाखवा. रिओ-साओ पावलोकडे टिंबांची दाटी होते. ईशान्येला नऊ राज्यं, पण टिंबं मोजकीच. कारखाने, जाहिराती, टीव्हीचा पैसा, सगळं आधीपासून नकाशाच्या खालच्या अंगाला साचलंय.

मग प्रत्येक क्लबापुढे मालक लिहा. रिओच्या फ्लामेंगोसमोर 'सभासद', कारण तो क्लब सभासदांचाच आहे. २०२१ च्या कायद्यानं क्लबांना कंपनी होता आलं, म्हणून कंपनी असेल तर वर्ष आणि हिस्साही लिहा.

बाहियाची ओळ सावकाश भरा. ईशान्येतल्या साल्वादोर शहराचा हा क्लब १९५९ च्या राष्ट्रीय स्पर्धेत पेलेच्या सांतोसला मागे टाकून विजेता ठरला. आज त्याचा ९० टक्के हिस्सा मँचेस्टर सिटी या इंग्लिश क्लबाच्या मालक समूहाकडे आहे. ईशान्येत पैसा आला याचा मला मनापासून आनंद आहे. पण निर्णय साल्वादोरमध्ये होत नाहीत, हे सलतं. म्हणून शेजारीच ईशान्येतलाच फोर्तालेझा क्लब लिहा: त्यानं परदेशी मालकाशिवाय २०२३ मध्ये कोपा सुदामेरिकाना या दक्षिण अमेरिकी क्लबांच्या स्पर्धेची अंतिम फेरी गाठली.

मालकाचं नाव मात्र पेन्सिलीनंच लिहा. रिओच्या वास्को क्लबाचा ७० टक्के हिस्सा २०२२ मध्ये अमेरिकी कंपनीनं घेतला. २०२४ मध्ये न्यायालयानं तिचा ताबा काढला. माझ्या वहीत ती ओळ दोनदा खोडलेली आहे.